वुड चिपर घेताय? आधी आपल्या झाडीकडे बघा : मानपुर-महू भागातल्या जमीनधारकांसाठी

इंदूरहून आग्रा-मुंबई रस्त्याने महू मागे टाकलं, की मानपुरच्या आसपास झाडी दाट होऊ लागते. एका अंगाला जानापावचा डोंगर, पुढे विंध्याचा उतार आणि घाट उतरला की निमाड. या पट्ट्यात वडिलोपार्जित जमीन असलेले शेतकरी आहेत, तसेच शहरात राहून दोन-पाच एकरांचा तुकडा घेतलेले लोकही आहेत. दोघांची तक्रार एकच. पावसाळा संपला की बांधावर, नाल्याकाठी आणि पडीक भागात माणूस शिरणार नाही एवढं झुडूप माजतं. तोडायला मजूर लावले तर तोडलेल्या फांद्यांचे ढीग पडून राहतात. एप्रिल-मेपर्यंत ते ढीग वाळून कोळ होतात आणि कुणाच्या तरी बिडीची वाट बघत बसतात.

मग कुणीतरी मोबाइलवर वुड चिपरचा व्हिडिओ दाखवतं. एका बाजूने फांदी घातली की दुसऱ्या बाजूने भुगा उडतो. बघायला फार समाधान वाटतं. पण व्हिडिओतली फांदी सरळ, ओली, बिनकाट्याची आणि मनगटाएवढी असते. आपल्याकडची झाडी तशी नसते. या भागात चिपर घेऊन पस्तावणाऱ्यांची गोची नेमकी इथेच होते. यंत्र खराब नसतं, ते आपल्या झाडीसाठी नसतं.

आपल्याकडे नेमकं काय माजलंय?

मानपुर हे इंदूर वनमंडळातलं एक परिक्षेत्र आहे. इथलं जंगल कोरडं पानझडी. साग, धावडा, पळस, खैर, मोहा ही झाडं ओळखीची. पण साफ करायची वेळ येते ती बहुतेक वेळा या झाडांची नसतेच. ती येते घाणेरीची, म्हणजे टणटणीची. हिंदीत हिलाच राईमुनिया किंवा लँटाना म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ही शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणली. आज देशातलं क्वचितच एखादं कोरडं जंगल तिच्यापासून सुटलं असेल. सोबत सुबाभूळ, वेडी बाभूळ आणि बोरीची जाळी.

चिपरच्या दृष्टीने या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. घाणेरीच्या काड्या बोटाएवढ्या बारीक, पण वेड्यावाकड्या, एकमेकांत गुंतलेल्या आणि काटेरी. एक फांदी ओढली की दहा येतात. वेडी बाभूळ वाळली की कठीण होते आणि तिचा काटा ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरलाही सोडत नाही. सुबाभूळ सरळ वाढते, मऊ असते, चिपरला सगळ्यात सोपी. धावड्याचं लाकूड इतकं चिवट की पूर्वी बैलगाडीच्या आखाला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याला तेच वापरत. सागाच्या लाकडात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो, त्यामुळे पाती लवकर बोथट होतात. बांबूचे धागे निघतात आणि ते फिरत्या दांड्याला गुंडाळले जातात.

म्हणून यंत्राच्या दुकानात जाण्याआधी अर्धा दिवस स्वतःच्या जमिनीवर घालवा. किती भाग घाणेरी, किती सुबाभूळ, सगळ्यात जाड फांदी किती इंचांची आणि मुख्य म्हणजे सगळ्यात जास्त फांद्या किती जाडीच्या, हे वहीत लिहा. बहुतेकांच्या वहीत असंच निघेल : दहातला आठ भाग माल दीड इंचाच्या आतला, गुंत्याचा आणि काटेरी. चार इंचांवरचं जे थोडं असतं ते चिपरमध्ये घालायचं कारणच नाही. ते सरपण आहे, गावात कुणीही आनंदाने उचलून नेईल.

तोडण्याआधी जमीन कुणाची आणि झाड कुणाचं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. झाडाच्या बाबतीत मध्य प्रदेशात ‘जमीन माझी, झाड माझं’ एवढं पुरत नाही. भू-राजस्व संहिता १९५९ च्या कलम २४० आणि २४१ मध्ये झाडतोडीवर निर्बंध घालण्याची सोय आहे. शासकीय जंगलाला लागून असलेल्या अधिसूचित गावांत स्वतःच्या खात्यावरचं इमारती लाकडाचं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर त्याच्या झाडांसाठी १९९९ चा वेगळा कायदा आहे आणि तो कडक आहे. खासगी जमिनीवर खरोखर जंगल राखून त्यातून उत्पन्न घ्यायचं असेल तर लोकवानिकी अधिनियम २००१ आहे, त्यात व्यवस्थापन आराखडा करून काम करता येतं. वाहतुकीच्या परवान्यांचे नियम तर अलीकडे एकापेक्षा जास्त वेळा बदलले आहेत. त्यामुळे शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केलं त्यावर विसंबू नका.

घाणेरी, वेडी बाभूळ यांसारखी झुडपं काढायला सहसा कुणी हरकत घेत नाही. अडचण येते ती घाणेरीच्या आड उभ्या असलेल्या सागाच्या रोपट्यांमुळे. मजूर कोयता चालवताना फरक करत नाही आणि चिपरमधून निघालेल्या भुग्यात साग होता की सुबाभूळ, हे नंतर सिद्ध करणं तुम्हालाच जड जातं. राखायची झाडं आधी चुन्याने रंगवून घ्या. वनखात्याचा मुनारा कुठे आहे तो पटवाऱ्याला घेऊन बघा. या राज्यात महसूल आणि वनखातं यांच्यात हद्दीचा वाद असलेली जमीन आहे, तिला ‘नारंगी क्षेत्र’ म्हणतात. तुमचा खसरा त्यात येत नाही ना, हे पटवारी आणि मानपुरचं रेंज ऑफिस दोन्हीकडे विचारून घ्या. बांबूपुरता दिलासा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्याच्या व्याख्येत ‘झाड’ राहिलेला नाही.

आणि जाळायचं काय? इथे शेतातली नरवाई जाळण्यावर बंदी आहे, दोन एकरांपर्यंत अडीच हजार, पाच एकरांपर्यंत पाच हजार आणि त्यावर पंधरा हजार असा दंड राज्याने ठरवलेला आहे. झुडपांचा ढीग म्हणजे नरवाई नव्हे, असा युक्तिवाद करता येईलही. पण जंगलाच्या कडेला लावलेली आग वनक्षेत्रात शिरली तर मामला भारतीय वन अधिनियम १९२७ खाली जातो आणि तिथे युक्तिवाद चालत नाही. वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतं. आपले ढीग वाळतात तेही याच दिवसांत. चिपरचा खरा उपयोग इथे आहे. तो झाडी संपवत नाही, तो जळण्यासारखा ढीग जमिनीवर पसरता येईल अशा चुऱ्यात बदलतो.

तीन जातींची यंत्रं, नावं मात्र एकच

बाजारात ‘चिपर’ म्हणून जे विकलं जातं त्यात तीन वेगळी यंत्रं असतात आणि विक्रेता नेहमीच फरक सांगतो असं नाही.

पहिली जात तबकडीची, डिस्क चिपर. जड लोखंडी तबकडीवर दोन ते चार पाती बसवलेली असतात. फांदी तबकडीवर तिरकी जाते आणि समोरच्या स्थिर पात्यावर कापली जाते. कमी ताकदीत काम होतं, तुकडे एकसारखे निघतात. सरळ, ओली फांदी असेल तर याच्याइतकं चांगलं काही नाही. सुबाभळीची रांग किंवा बागेतली छाटणी असेल तर हेच घ्या. घाणेरीचा गुंता मात्र याच्या अरुंद तोंडात शिरत नाही. प्रत्येक काडी सुटी करून द्यावी लागते आणि दिवसाअखेर माणूस यंत्रापेक्षा जास्त दमतो.

दुसरी जात ढोलाची, ड्रम चिपर. आडव्या ढोलावर पाती, समोर रुंद तोंड आणि बहुतेक मोठ्या नमुन्यांत फांदी आत ओढणारे दातेरी रूळ. गुंता, पानं, डहाळ्या सगळं दाबून आत घेतो. ताकद जास्त लागते, आवाज जास्त, किंमतही जास्त. पण आपल्या भागातल्या झाडीला खरा जुळणारा हाच आहे.

तिसरी हातोड्यांची, म्हणजे हॅमर मिल किंवा श्रेडर. यात धारदार पाती नसतात, किंवा नावापुरती असतात. झोके घेणाऱ्या लोखंडी हातोड्या मालाला ठोकून फोडतात आणि जाळीतून बाहेर ढकलतात. वाळलेला, मातीने भरलेला, काटेरी माल याला चालतो. मध्ये बारीक खडा आला तरी एखाद्या हातोडीची कड जाते, यंत्र बसत नाही. आपली जमीन माळव्याच्या काळ्या पाषाणाची, उपटलेल्या प्रत्येक घाणेरीच्या मुळाशी दगड असतो. त्यामुळे ही गोष्ट छोटी नाही. पण ओली, तंतुमय काडी याच्यात कोंबली की जाळी तुंबते आणि दर दहा मिनिटांनी उघडून साफ करावी लागते.

निमाडात आणि खानदेशात कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या बारीक करायला जी ट्रॅक्टरची यंत्रं फिरतात ती बरीचशी या दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या मधली असतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांचे तुकडे करून त्यांपासून पार्टिकल बोर्ड आणि ब्रिकेट बनवण्यावर बरीच वर्षं काम केलं आहे. पऱ्हाटी आणि घाणेरी या दोन्ही बारीक, चिवट आणि फाटे फुटलेल्या. जे यंत्र पऱ्हाट्या सरळ गिळतं ते घाणेरीत बहुधा चालतं. म्हणून मानपुरच्या माणसाने इंदूरच्या शोरूमआधी घाट उतरून धामनोदकडच्या एखाद्या कापूसवाल्याचं यंत्र चालताना बघावं, असं मी सांगेन.

एक इशारा : कडबाकुट्टीत फांद्या घालू नका. कुट्टी मशीन घरात आहेच, बारीक काडी जाईल की, असा मोह होतो. कुट्टीची पाती चाऱ्यासाठी असतात. लाकूड अडकलं की पातं तुटून उडू शकतं.

हॉर्सपॉवरच्या आकड्यात काय दडलेलं असतं

जाहिरातीत दोनच आकडे ठळक असतात : हॉर्सपॉवर आणि ‘कमाल फांदी चार इंच’. हा चार इंच म्हणजे एक सरळ, ओली, मऊ फांदी कधीतरी आत जाईल याची मर्यादा. दिवसभर न अडता काम हवं असेल तर त्याचा निम्मा आकडा धरा. चार इंचांचं यंत्र म्हणजे दोन इंचांचं यंत्र. वाळलेला धावडा असेल तर त्याहूनही कमी.

पेट्रोल इंजिनाची सात-आठ हॉर्सपॉवरची छोटी यंत्रं अर्ध्या एकराच्या बागेला, फार्महाउसच्या छाटणीला ठीक. पाच एकरांच्या घाणेरीला ती नेली तर पहिल्या आठवड्यात उत्साह संपतो. यात फांदी आपल्या वजनाने आत जाते, ओढणारे रूळ नसतात. घाणेरीचा पसारा वजनाने आत जात नाही. मग माणूस काठीने ढकलतो, काठी सापडली नाही तर हाताने ढकलतो, आणि पुढचं सांगायला नको.

विजेच्या मोटरवर चालणारी यंत्रं स्वस्त पडतात, शांत असतात. पण मोटर जागेवर, झाडी लांब. शिवाय शेतीची वीज पंपासाठी मिळते, दिवसातले ठरावीक तास. त्या जोडणीवर दुसरी मोटर लावण्याआधी वीज कंपनीला विचारा.

राहिला ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा चिपर. दोन एकरांवर खरंच झाडी असेल तर विचार याचाच करावा. ट्रॅक्टर गावात आहेच, वेगळ्या इंजिनाची देखभाल नाही, ढिगापर्यंत यंत्र नेता येतं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेली हॉर्सपॉवर इंजिनाची असते. पीटीओला त्यातली साधारण ८५ टक्के मिळते. म्हणजे ४५ चा ट्रॅक्टर असेल तर चिपरच्या हातात ३८ च्या आसपास. विक्रेता ‘३५ चालेल’ म्हणाला तर ते इंजिनाचे की पीटीओचे, हे तिथल्या तिथे विचारा. पीटीओचा वेग बहुतेक यंत्रांना मिनिटाला ५४० फेरे लागतो. डिझेल वाचवायला म्हणून ड्रायव्हर रेस कमी ठेवतो, मग पातं कापण्याऐवजी चावतं आणि यंत्र तुंबतं.

रुळांची गोष्ट मुद्दाम लांबवतो आहे, कारण बाकी सगळ्यापेक्षा तिचा फरक जास्त पडतो. हायड्रॉलिक रूळ असतील तर ते दोन्ही दिशांना फिरायला हवेत. फांदी अडकली की लीव्हर ओढून बाहेर काढता आली पाहिजे. चांगल्या यंत्रात ढोलाचा वेग कमी झाला की रूळ आपोआप थांबतात, वेग भरला की पुन्हा ओढायला लागतात. यामुळे यंत्र गुदमरत नाही आणि ड्रायव्हरला सारखं कान देऊन उभं राहावं लागत नाही. ही सोय असलेलं लहान यंत्र, नसलेल्या मोठ्यापेक्षा दिवसाला जास्त काम देतं. तोंडाची रुंदीही टेपने मोजा. कागदावरची नको, प्रत्यक्ष रुळांमधली.

पातं, बेअरिंग आणि सियागंज

चिपर घेणं एकदाचं असतं, पातं कायमचं. मातीने भरलेला माल असेल तर आठ-दहा तासांत धार जाते. सागाचा आणि वाळक्या बाभळीचा माल असेल तरीही तेच. धार गेली की तुकड्यांऐवजी लांब धागे निघायला लागतात, यंत्र थरथरतं, डिझेल वाढतं. तेव्हा थांबायचं.

पाती दोन्ही कडांनी धार असलेली, उलटून लावता येणारी असावीत. सुटी पाती बरोबरच घ्या, किमान एक पूर्ण जोड. स्थिर पात्यातलं आणि फिरत्या पात्यातलं अंतर बदलता येतं का ते बघा. हे अंतर वाढलं की नवं पातंही जुन्यासारखं वागतं. बेअरिंग आणि पट्टे सर्वसाधारण नंबरचे असावेत, म्हणजे बिघडलं तर इंदूरच्या सियागंजमध्ये त्याच दिवशी मिळतात. परदेशी बनावटीच्या सुंदर पिवळ्या यंत्राचा खास पट्टा तीन आठवड्यांनी येणार असेल, तर तेवढ्यात तुमचे मजूर दुसऱ्या कामाला लागलेले असतात. शिअर बोल्ट, म्हणजे अडथळा आला की स्वतः तुटून यंत्र वाचवणारा बोल्ट, कुठे आहे आणि बाजारातल्या साध्या बोल्टने तो बदलायचा नसतो, हे ड्रायव्हरला समजावून ठेवा. पक्का बोल्ट घातला की पुढच्या वेळी गिअरबॉक्स तुटतो.

यंत्राचा चाचणी अहवाल मागायला लाजू नका. आपल्याच राज्यात, सीहोर जिल्ह्यातल्या बुदनीला केंद्र सरकारची कृषी यंत्रांची प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे, १९५५ पासूनची. भोपाळला केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे. अहवाल नाही म्हणजे यंत्र वाईट असं नाही, पण आहे म्हणजे ताकद, डिझेल आणि सुरक्षेच्या सोयी कुणीतरी मोजलेल्या आहेत.

हात

सत्तरच्या दशकात गव्हाच्या थ्रेशरने उत्तर भारतात इतके हात तोडले, की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या कायद्याचा रोख थ्रेशरवर होता, चिपर तेव्हा गावात नव्हता. पण अपघाताची तऱ्हा तीच आहे. माल अडकतो, माणूस हात घालतो, माल सुटतो आणि हात घेऊन जातो. फांदीच्या फाट्यात बाही अडकली तरी पुरतं. रूळ फांदीला ज्या वेगाने ओढतात त्या वेगाने माणसाला मागे सरकता येत नाही.

म्हणून मालाच्या तोंडाची लांबी बघा. बाहेरच्या कडेपासून रुळापर्यंत माणसाचा हात पोहोचता कामा नये. तोंडाच्या वर आडवा दांडा हवा, जो ढकलला की रूळ थांबतात किंवा उलटे फिरतात. दुकानात तो ढकलून बघा. पीटीओच्या दांड्यावर प्लॅस्टिकचं पूर्ण आवरण हवं आणि ते साखळीने बांधलेलं हवं. ‘ते काढून टाका, मध्ये येतं’ असं सांगणारा मेकॅनिक सगळीकडे भेटतो, त्याचं ऐकू नका.

गळ्यात गमछा नको, ओढणी नको, पदर खोचलेला हवा आणि खरं तर साडी-ओढणी घातलेल्या बाईने तोंडापाशी उभंच राहू नये, ढीग आणून देण्याचं काम करावं. हातमोजे काट्यांसाठी लागतातच, पण मनगटाशी घट्ट असणारे. कोपरापर्यंतचे सैल चामडी मोजे फांदीत अडकतात. डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे. फांदीचं बुड आधी घालायचं, शेंडा नंतर, आणि घालताना समोर न राहता बाजूला उभं राहायचं. यंत्र बंद केल्यावरही ढोल बराच वेळ फिरत राहतो. झाकण उघडायचं ते ढोल पूर्ण थांबल्यावर आणि ट्रॅक्टरची चावी खिशात घेऊन.

झाडीत शिरण्याआधी ढीग काठीने हलवा. ढिगाखाली घोणस असते. बिबट्या या रेंजमध्ये नवीन नाही आणि २०२३ च्या मे महिन्यात महूच्या लष्करी भागात वाघही दिसला होता. सगळी जमीन एकदम उघडी करण्यापेक्षा नाल्याकाठचा पट्टा राखून, तुकड्यातुकड्याने साफ केलेलं बरं. त्याने मातीही धुपत नाही.

विकत की भाड्याने?

हिशोब सरळ आहे, फक्त तो कागदावर करावा लागतो. समजा यंत्र दोन लाखांचं आहे आणि दहा वर्षं टिकेल. म्हणजे वर्षाला वीस हजार नुसती झीज. पाती, पट्टे, ग्रीस वेगळं. पाच एकरांची पहिली सफाई झाल्यावर पुढच्या वर्षांत तुम्हाला चिपर किती दिवस लागेल? बहुधा सहा-सात दिवस. म्हणजे यंत्र चालण्याआधीच दिवसाला तीन हजारांच्या आसपास पडलं. त्यावर ट्रॅक्टर, ड्रायव्हर आणि तासाला पाच-सहा लिटर डिझेल. एवढ्यात कुणी यंत्र, माणूस आणि जबाबदारी घेऊन दारात येत असेल तर विकत घेण्यात अर्थ नाही.

मध्य प्रदेशात कस्टम हायरिंग केंद्रांचं जाळं चांगलं आहे, खासगी तरुणांनी आणि गटांनी चालवलेलं. प्रत्येक केंद्रात चिपर असतोच असं नाही, मल्चर आणि श्रेडर मात्र मिळू शकतात. उभी झुडपं जागेवरच चिरडायची असतील तर मल्चर चिपरपेक्षा बरा, पण फक्त सपाट, बिनदगडाच्या जमिनीवर. अनुदानासाठी कृषी अभियांत्रिकी संचालनालयाचं ई-कृषि यंत्र अनुदान पोर्टल आहे. कोणत्या यंत्राची खिडकी कधी उघडते ते बदलत राहतं, अर्ज जास्त आले तर लॉटरी निघते. अनुदान मिळतंय म्हणून यादीतलं भलतंच यंत्र घेऊ नका, हे मात्र खरं.

लागून लागून सात-आठ जणांच्या जमिनी असतील तर एक यंत्र सामाईक घेता येतं. त्यात भांडण यंत्राच्या पाळीवरून होत नाही, पात्यावरून होतं. कुणाच्या रानातल्या दगडाने धार गेली, यावरून. उपाय असा की यंत्र सामाईक आणि पाती ज्याची त्याची. प्रत्येकाने आपला जोड लावायचा आणि काढून घरी न्यायचा.

घेण्याचं ठरलंच, तर विक्रेत्याला एकच अट घाला : आमच्या रानातली एक ट्रॉली घाणेरी आम्ही आणतो, ती आमच्यासमोर चालवून दाखवा. घड्याळ लावून बघा, किती वेळा तुंबलं ते मोजा. जो तयार होत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

निघालेल्या चुऱ्याचं काय करायचं

ढिगाचं आकारमान चिपरनंतर आठ-दहा पटींनी कमी होतं, पण उरतं ते पुष्कळ असतं. सगळ्यात सोपा उपयोग आच्छादनाचा. आंबा, सीताफळ, लिंबाच्या आळ्यात तीन-चार इंचांचा थर द्या, खोडापासून वीतभर लांब. उन्हाळ्याचं पाणी टिकतं. ताजा चुरा मातीत मिसळू नका. कुजताना तो जमिनीतलं नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. वर पसरलेला चालतो. वाळवी लागणारच, ती घरापासून लांब लागावी एवढं बघा.

ओल्या चुऱ्याचा मोठा ढीग आतून तापतो. हात घातला तर चटका बसेल इतका. कमरेपेक्षा उंच ढीग ठेवू नये, आणि गोठ्याजवळ तर मुळीच नको. घाणेरीचा पाला गुरांना विषारी आहे, यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते. चारा महाग झालेल्या वर्षात गुरं भुकेली असतात आणि बारीक केलेला पाला त्यांना ओळखू येत नाही.

विकण्याचा विचार असेल तर इंदूरमध्ये बघण्यासारखं एक उदाहरण आहे. महापालिकेने बिचोली हप्सीला खासगी भागीदारीत हरित कचऱ्याचा प्रकल्प उभा केला. शहरातल्या फांद्या-पानांपासून तिथे लाकडी पेलेट तयार होतात, कोळशाला पर्याय म्हणून. २०२५ मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार शहरात रोज सुमारे तीस टन असा कचरा निघतो, पानगळीत तो साठ-सत्तर टनांपर्यंत जातो. मोठ्या फांद्या आधी तीन-चार महिने वाळवाव्या लागतात. गाठ हीच आहे : पेलेट आणि ब्रिकेटवाल्यांना वाळलेला, मातीविरहित माल हवा आणि तो ट्रकभर हवा. मानपुरहून एक ट्रॉली ओला चुरा नेऊन भाडंही सुटणार नाही. पाच-सहा जणांचा माल शेडखाली वाळवून एकत्र पाठवला तर बोलणी करता येतात.

शेवटी घाणेरीबद्दल. वरून कापून चिपरमध्ये घातली की रान दोन महिने स्वच्छ दिसतं. पहिल्या पावसात त्याच बुंध्यातून दहा फुटवे येतात, आधीपेक्षा दाट. ती मुळाच्या मानेखाली, जमिनीत दोन-तीन इंच खोल तोडावी लागते. दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत हीच, लांब दांड्याच्या कुदळीने, माती ओली असताना. तोडलेलं झुडूप मूळ वर करून उलटं ठेवतात म्हणजे पुन्हा रुजत नाही. चिपरमध्ये घालण्याआधी मुळाचा मातीचा गड्डा कोयत्याने वेगळा करा, पाती वाचतील. काळी पिकलेली फळं लगडण्याआधी काम उरका. चुऱ्यातून बी सगळ्या बागेत पसरलं, तर पुढच्या वर्षी घाणेरी आंब्याच्या आळ्यातच उगवते. पुढची दोन वर्षं पावसाळ्यात दोनदा फेरी मारून कोवळी रोपं हाताने उपटावी लागतात. त्याला चिपर लागत नाही, वाकायला तयार असलेली दोन माणसं लागतात.